माझे. टाकू नये.

दि. ९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पेट्या सुखरूप पोहोचल्या हे आधी सांगते, कारण टेम्पो निघताना तुम्ही ज्या चेहऱ्याने दारात उभे होतात तो अजून डोळ्यांसमोरून जात नाही. अडतीसच्या अडतीस मोजून घेतल्या. एकीचाही कोपरा दबलेला नाही. टेम्पोवाल्याने वाटेत विचारलं, एवढी पक्की खोकी कुठल्या कारखान्यातली. मी सांगितलं की माझे वडील छापखान्यात बाइंडर होते, चाळीस वर्षं पुस्तकं बांधली, पेट्या त्यांच्याच हातच्या. मग आत मोलाचं काहीतरी असणार, असं तो म्हणाला. मी म्हटलं, आईचं आहे.

आता जागेचं सांगते. पलंगाखाली बारा बसल्या. बोळात भिंतीला लावून सतरा. ओट्याखाली पाच, तुमच्या नातीच्या अभ्यासाच्या टेबलावर तीन, आणि एक माझ्या उशाशी. तुमचे जावई बोळातून खेकड्यासारखे आडवे चालतात. पहिले दोन दिवस हसत चालत होते. आता नुसते चालतात. त्यांचं म्हणणं, एकेक उघड, हवं ते ठेव, बाकीचं देऊन टाक. चुकीचं नाही, पण माझा हात धजत नाही. प्रत्येक पेटीवर आईने लिहून ठेवलंय, ‘माझे. टाकू नये.’ दवाखान्याच्या खिडकीत बसून सत्तावीस वर्षं केसपेपर लिहिलेलं तिचं ते गोल, सुटं अक्षर. ती असताना आपण तिचं कधी ऐकलं नाही. निदान एवढं तरी ऐकावं.

तुमच्याकडचे ते पंधरा दिवस मी कडक वागले, हे मला माहीत आहे. लेबल नसलेलं सगळं भंगारात दिलं आणि तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. आईच्या पेट्या मी नेऊ का विचारलं तेव्हाही नुसती मान हलवलीत. तुम्हाला त्या जवळ हव्या होत्या का? मला वाटलं, रोज समोर दिसून त्रास होईल.

गेल्या रविवारी एक पेटी उघडली. आत अबरी कागदाच्या पट्ट्या निघाल्या, तुम्ही पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून लावायचात त्या रंगीत लाटांच्या कागदाच्या. बोटभर रुंदीची कात्रणं, रंगांप्रमाणे लावून, दोऱ्याने जुड्या बांधून ठेवलेली. मी तिथेच खाली बसले. सगळ्या नातेवाइकांनी तिला गोदामवहिनी म्हणून हिणवलं आणि ही बाई तुमच्या कामातलं कात्रणन् कात्रण जपत बसली होती. बाबा, तुम्हाला हे ठाऊक होतं का? मी आत्याला सांगितलं, शेजारी सांगितलं, ह्यांच्या आईंना फोन करून सांगितलं.

उशाशी ठेवलेली पेटी सगळ्यात शेवटची, डिसेंबरातली. तिच्यावरची अक्षरं थरथरलेली आहेत. ती मी उघडणार नाही.

तुमच्या नातीला थोडा खोकला आहे. डॉक्टर धूळ म्हणतात. सध्या तिला स्वयंपाकघरात झोपवते. होईल ठीक.

वेळेवर जेवा. तुमची माया मला कळते, पण कधीतरी ती कागदावर दोन ओळींपेक्षा जास्त उतरू द्या.

तुमची,
ठकी


दि. २० मार्च

चि. मुकोबास,
अ. आ.

तुझं पत्र मिळालं. सहा ओळींचं होतं, त्यातली एक तारीख आणि एक सही. लहानपणी तुझं नाव मुकोबा ठेवलं ते उगीच नव्हे. माझा गुडघा आहे तिथेच आहे, दुखतो म्हणजे जागेवर आहे असं समजायचं.

आता कामाचं ऐक. परवा ठकीचा नवरा कामावरून परस्पर माझ्याकडे आला. दोन कप चहा प्यायला आणि भिंतीकडे बघत बसला. तुझा जावई शोभतो खरा. शेवटी म्हणाला, आत्या, मी काही दिवस भावाकडे राहायला जातो. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर फटीत उभा राहून काम करतो आणि घरी आला की पुन्हा फटच. भांडण नाही म्हणे. पण पोरगी रात्रंदिवस खोकते आणि ठकी पेट्या हलवू देत नाही. आईचं आहे, एवढंच म्हणते.

मी लगेच गेले. बोळात शिरताना माझाच पदर दोनदा अडकला. मेलेल्या माणसापायी जित्यांनी स्वतःला पुरून घेऊ नये, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. त्यावर ती रडली, आणि मला चहासुद्धा न विचारता दार लावून घेतलं. माझ्या भाचीने!

मुकोबा, गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये हे मला कळतं. पण तुला आठवतंय ना, एकोणीस वर्षांपूर्वी मी भंगारवाल्याला घेऊन तुझ्या दारात आले होते? तेव्हा वहिनी दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. म्हणाली, वन्सं, सगळं माझं आहे, माझ्याच्याने टाकवत नाही. मी जिन्यात उभी राहून तिला काय काय बोलले. गोदामवहिनी हे नाव त्या दिवशीचं. आणि आता जाऊनही ती लेकीच्या घरात पाय पसरून बसली आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच.

तू बाप आहेस. एकच ओळ लिही, की आईने राग धरला नसता, खुशाल टाक. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. एका ओळीने तुझं काही झिजणार नाही.

गुडघ्यासाठी म्हणून तरी विचारपूस करत जा. माझी माया फुकटची आहे, पण बेवारशी नाही.

तुझी,
ताई


दि. २८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मिळालं त्याच दिवशी वाचलं. त्यानंतर आठवडाभर कपाटावर ठेवलं होतं. गुडघ्याला सकाळी शेक घेत जा.

तू म्हणतेस ती एक ओळ मला लिहिता येणार नाही, कारण ती खोटी होईल. पेट्या तिच्या नाहीत. माझ्या आहेत. अडतीसही.

तू भंगारवाल्याला घेऊन आलीस तेव्हा जिन्यात तुझा आवाज ऐकला आणि मी न्हाणीघरात जाऊन कडी लावली. माझं वय तेव्हा एकोणपन्नास होतं. कोणाला काही ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला. तू तिला बोललीस त्यातलं मी निम्मं ऐकलं. बाहेर आलो तेव्हा तू गेली होतीस. ती एका पेटीवर बसून पाणी पीत होती. मला तिने काही विचारलं नाही. म्हणाली, “वन्संना सांगितलंय माझं आहे म्हणून. आता तसं लिहून ठेवू, म्हणजे पुन्हा कोणी आलं तर तुम्हाला आत जाऊन बसायला नको.”

खळ मीच शिजवली. लेबलंही मीच कापली, तीन इंच बाय दोन. ती लिहीत गेली आणि मी चिकटवत गेलो. त्या दिवशी एकवीस पेट्या होत्या. पुढच्या सतरा नंतर भरल्या. पेटी भरली की मी तिच्या चहाच्या कपाशेजारी कोरं लेबल आणि पेन ठेवायचो. ती लिहून द्यायची. आमच्यात त्यावर बोलणं कधी झालं नाही.

तू दिलेलं नाव सगळ्यांनी उचललं. एकदा सगळे जमले असताना कोणीतरी तिला तसं म्हणालं, सगळे हसले, मीही हसलो. तिने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. पुढच्या वेळी पाहिलं नाही. ती गेल्यावर तुम्ही सगळे बाहेरच्या खोलीत बसून गोदामाच्या गोष्टी काढत होतात, रडत होतात, हसत होतात. मी आत पाण्याचे पेले भरत होतो. भरलेले पेले पुन्हा विसळून भरत होतो.

आणखी एक लिहायचं आहे. ते लिहावं की नाही यातच बरेच दिवस गेले. ठकी पेट्या टेम्पोत चढवत होती तेव्हा मला लाज वाटली. पण त्या लाजेच्या खाली बरंही वाटलं. वस्तू वाचल्या असं वाटलं. मुलीच्या घरात का होईना, भंगारात गेल्या नाहीत. तिचं पत्र आलं, अबरीची कात्रणं आईने जपली असं ती त्यात लिहिते. ती कात्रणं मी लावून ठेवली आहेत. तिच्या आईने त्यांना कधी हात लावला नाही.

तू बोलण्यात चांगली आहेस. ठकीला हे तू सांगशील का?

लोभ कमी झाला तरी समजू शकेन. अगदीच सोडू नये ही विनंती.

तुझा धाकटा


दि. ४ एप्रिल

चि. मुकोबास,
आशीर्वाद लिहायला हात अडतो आहे, तरी लिहिते. अ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला, दुसऱ्यांदा माझा. तिसऱ्यांदा वहिनीचा आला, की बाई एवढं कशाला करायचं. मग तोही राहिला नाही.

आपले वडील गेले तेव्हा एका दुपारीत घर रिकामं केलं होतं. तू सहा वर्षांचा. त्यांच्या मोडक्या चष्म्याची काडी मुठीत धरून बसला होतास आणि मी बोटं उघडून ती ओढून घेतली होती. कचरा आहे, असं मीच म्हणाले होते. तू रडलासुद्धा नाहीस, तेव्हा मला वाटलं, विसरला. हे मला आठवतं, तुला आठवत नसेल तरी. पण हे कारण झालं मुकोबा, सूट नाही.

वहिनीला ते नाव मी ठेवलं होतं, ते मीच परत घेईन. तिच्यापुढे कान धरायला आता ती नाही, तर जिथे जिथे ते नाव पोहोचलं त्या प्रत्येक घरी जाऊन सांगेन. आजच एका ठिकाणी गेले. त्यांचे जिने फार, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात केली, तेवढीच शिक्षा.

ठकीला मात्र मी सांगणार नाही. तुझं तोंड मी होणार नाही. एक बाई एकोणीस वर्षं तुझं तोंड झाली होती, तिच्या वाट्याला काय आलं ते पाहिलंस.

तिचा नवरा अजून भावाकडेच आहे. पोरीला औषध चालू आहे. तू जितके दिवस कपाटावर ठेवशील तितके दिवस ती पोर खोकेल, एवढंच लक्षात ठेव.

भाऊ आहेस, बदलून मिळत नाही. तेव्हा माया तुझ्यावरच करावी लागते.

ताई


दि. ११ एप्रिल

चि. ठकीस,
अ. उ. आ.

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली. तुकडे टाकलेले नाहीत, तेही सांगून ठेवतो.

पेट्या आईच्या नाहीत. सगळ्या माझ्या आहेत. लेबलं तिने माझ्यासाठी लिहिली, कारण आत्या पसारा उचलायला आली तेव्हा मी न्हाणीघरात लपलो आणि आईने दारात उभं राहून तो आपला असल्याचं सांगितलं. तेव्हापासून ते तसंच चालू राहिलं. लोकांनी तिला नावं ठेवली ती मी ठेवू दिली. अबरीची कात्रणं मी रंगांप्रमाणे लावून बांधली. तिने जपली असं तू चार जणांना सांगितलंस. तुला आता त्यांना उलट सांगावं लागेल. माझ्यामुळे आणखी एकदा कोणाला तरी खाली बघावं लागणार.

पेट्यांत काय आहे ते लिहितो, म्हणजे उघडत बसायला नको. कातरलेल्या कडा, वाया गेलेले छापील फर्मे, कापडाचे तुकडे, दोऱ्याची संपत आलेली रिळं, बोथट सुया, बिजागऱ्या, पेनांची टोपणं, बिनकाचेच्या चष्म्यांच्या फ्रेमा, तुझ्या शाळेच्या वह्यांची फक्त कव्हरं. कधी कामाला येईल म्हणून ठेवलं. कामाला काहीच आलं नाही. छापखान्यात लोक मला नीटनेटका म्हणायचे. माझ्या टेबलावर कधी कात्रण दिसलं नाही, कारण ते पिशवीतून घरी येत होतं.

तिचं म्हणून या घरात काय होतं ते तू गेल्यावर शोधलं. कपाटातला एक कप्पा. त्यातही तिच्या कपड्यांमागे माझ्या दोऱ्याची पिशवी निघाली.

बाहेरच्या खोलीतल्या खिडकीचं तुला माहीत नसेल. तू लग्न होऊन गेलीस त्या वर्षी ती म्हणाली होती, “दिवसभर मी खिडकीच्या आत बसते आणि लोक बाहेरून माझ्याकडे बघतात. घरी मला एका खिडकीशी बसून बाहेर बघू द्या.” एक खुर्ची मावेल एवढीच जागा मागितली. मी म्हटलं, रविवारी करतो. तो रविवार मी आणला नाही. तिने दर वर्षी एकदा आठवण केली, मग तेही थांबलं. आजारात तिची खाट तिथेच टाकली होती, तेव्हाही खिडकीत पेट्या होत्या. डिसेंबरात एकदा तिने उजेड मागितला. मी वरच्या दोन पेट्या काढल्या. वीतभर उजेड आला. पुरे एवढा, ती म्हणाली. मी थांबलो. पुरे म्हणाली म्हणून थांबलो असं मी स्वतःला सांगत आलो आहे. खरं म्हणजे त्या दोन पेट्या ठेवायला जागा सापडत नव्हती. संध्याकाळी पुन्हा तिथेच ठेवल्या.

तुझ्या उशाशी जी पेटी आहे तिच्यात आईच्या आजारातल्या वस्तू आहेत. गोळ्यांची रिकामी पाकिटं, सलाइनच्या नळ्या, ताप लिहिलेले कागद. मला टाकवल्या नाहीत. तिच्याकडून लेबल लिहून घेतलं तेव्हा ती उठून बसू शकत नव्हती. मी पाठीला हात दिला. त्या स्थितीतही मी लेबल पुढे केलं. ती तेवढी एकच पेटी खरी तिची आणि तिच्यात नुसता आजार आहे. ती आधी टाक. मुलीच्या डोक्याशी ठेवण्याची ती वस्तू नाही.

टाकण्याआधी एक कर. लेबलं ओढून काढू नकोस, फाटतील. खळ पिठाची आहे, पाण्याने सुटते. फडकं भिजवून घट्ट पिळ, लेबलावर दहा मिनिटं ठेव, मग बोथट सुरीने एका कोपऱ्यापासून उचल. शाई पक्की आहे, पसरणार नाही. वर्तमानपत्रावर पालथी वाळत घाल आणि वर वजन ठेव. अक्षर तेवढं तिचं आहे.

शेवटचं. तू घर मोकळं करून गेलीस त्याला दीड महिना होईल. खिडकीत पुन्हा चार पेट्या झाल्या आहेत. त्यांच्यावर लेबल नाही. लिहायला कोणी नाही.

जावयांना नमस्कार सांगायचं तोंड नाही, तरी सांग. छोटीला गोड पापा. तुला राग येईल, तो असू दे. त्यातून काही उरलं तर लोभ असावा.

तुझे,
बाबा


दि. २ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तीन आठवडे लिहिलं नाही. तुम्ही रोज पोस्टमनची वाट पाहिली असेल, हे माहीत असूनही लिहिलं नाही.

तुमचं पत्र वाचून मी ते चुरगाळून टाकलं. तासाभराने कचऱ्याच्या डब्यातून काढून इस्त्री केली. तुमचीच मुलगी.

पेट्यांचा राग मला फारसा आला नाही. अबरीचा आला. त्या कात्रणांवर मी एक आई उभी केली होती, ती तुम्ही काढून घेतलीत. आणि खिडकीचा आला. पण तो पुरता तुमच्यावर काढताही येत नाही, कारण डिसेंबरात दहा दिवस मीही त्याच खोलीत होते. मी तिला विचारलं होतं, पेट्या जरा हलवू का, हवा येईल. ती म्हणाली, राहू दे, सवय आहे. मला वाटलं, तिच्या वस्तू, तिला समोर हव्या असतील. माझे दोन्ही हात धड होते आणि मी एक पेटी हलवली नाही. हे मला तुमच्यापेक्षा कमी लागत नाही.

गेल्या रविवारी ह्यांना निरोप धाडला. भावाला घेऊन आले. मी तुमचं पत्र हातात दिलं. ते दोनदा वाचून त्यांनी बाह्या सरसावल्या. छोटीला घड्याळ घेऊन बसवलं, दहा मिनिटं मोजायला. तिने प्रत्येक पेटीवर ओलं फडकं ठेवलं आणि आम्हाला दटावलं की पेशंटला ताप आहे, आवाज करू नका. चौथ्या-पाचव्या पेटीनंतर मला हसू आलं, मग सगळ्यांनाच. सदतीस लेबलं अखंड निघाली. एक ह्यांनी घाई केली म्हणून फाटलं, तर तेच रडकुंडीला आले. थरथरलेलं शेवटचं मी एकटीने काढलं.

भंगारवाल्याचा टेम्पो दुपारी येऊन सगळं घेऊन गेला. बोळ इतका रुंद आहे हे आम्ही विसरलो होतो. छोटी त्यातून आठ वेळा पळत गेली. खोकला अजून आहे, पण रात्री झोपते.

दहावीत असताना तुम्ही मला एक जाड कोरी वही बांधून दिली होती. चांगली आहे म्हणून मी तिच्यात कधी काही लिहिलं नव्हतं, मी तरी वेगळं काय करत होते. त्या वहीत सगळी लेबलं लावली, एका पानावर एक. पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटली की आईचं अक्षर म्हातारं होत जाताना दिसतं.

त्यातलं एकही तुम्हाला पाठवणार नाही. तुम्ही मागितलं नाहीत, पण मनात आलं असेल म्हणून सांगते. तुमच्या वस्तूंवर आता आईचं अक्षर नको.

आत्या घरोघर फिरते आहे. काल गुडघ्याला पट्टा बांधून निघाली होती. आणखी दोन घरं राहिली आहेत म्हणाली.

त्या चार पेट्या उचलायला मी येणार नाही. खिडकी मोकळी झाली की कळवा, मग येईन.

राग आणि माया दोन्ही आहेत. एकाचं दुसऱ्याशी जमत नाही, पण घरात दोघंही राहतात.

ठकी


दि. १७ मे

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोहोचलं. सदतीस अखंड निघाली हे वाचलं. जावयांना सांग, एकात एक फाटतंच. माझंही फाटायचं.

पेट्यांचं काम तू लिहिलंस तसं एका दुपारीत झालं नाही. पहिली पेटी भंगारवाल्याकडे पोचवून परत आलो तर खिशात सुतळीचं गुंडाळं होतं. त्याच्या दुकानातून कधी उचललं ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ते द्यायला गेलो. तो म्हणाला, राहू द्या काका. मी म्हटलं, नाही, घ्या. दुसरी पेटी त्याच आठवड्यात गेली. तिसरी कोपऱ्यापर्यंत नेऊन दोनदा परत आणली. तिसऱ्यांदा दिली.

जिन्यात शेजारच्या बाई भेटल्या. एवढं काय नेता, त्यांनी विचारलं, वहिनींचं अजून उरलंय का. मी म्हटलं, “त्यांचं कधीच काही नव्हतं. सगळं माझं होतं.” उशिरा का होईना, बोललो. ताईलाही लिहिलं आहे की राहिलेल्या दोन घरी तिने जाऊ नये, मी जाईन.

खिडकीचा कडीकोयंडा गंजला होता. तेल घालून दोन दिवसांनी उघडली. बाहेर विशेष असं काही नाही. समोर बसथांबा आहे. त्याच्यामागे किल्ल्या करणाऱ्याची टपरी. माणसं येतात, घड्याळ बघतात, बस आली की जातात. आईने मागितलं होतं ते एवढंच होतं. तिथे एक खुर्ची ठेवली आहे. मी अजून बसलेलो नाही.

चौथी पेटी गेलेली नाही. खोटं लिहीत नाही. तिच्यात त्या फाडलेल्या पत्रांचे तुकडे आहेत, आईचं दवाखान्यातलं पेन आहे, आणखीही आहे. ती मी खिडकीतून काढून दाराशी ठेवली आहे, येता-जाता पायाला लागेल अशी. काल खळ शिजवली. तीन इंच बाय दोनचं लेबल कापलं. माझं अक्षर वाईट आहे, उजवीकडे पडतं, म्हणून दोन कापली आणि दुसऱ्यावर नीट लिहिलं. ‘माझे. टाकायचे आहे. वेळ लागेल.’ खाली सही केली.

खिडकी मोकळी आहे. कळवा म्हणालीस म्हणून कळवलं.

येताना छोटीला आण. खुर्चीवर तिने आधी बसावं. तुझा राग पुरा व्हायचा असेल तर सवडीने होऊ दे. पत्र मात्र येत राहावं, एवढा लोभ असावा ही विनंती.

तुझे,
बाबा